साथीचे रोग आणि बँक व्यवसाय : मुंबईतील प्लेगपासून वसई-विरारमधील कोविडपर्यंत

बीजशब्द : साथरोग, बँक व्यवसाय, हप्तेस्थगिती, अनुत्पादक कर्जे, सहकारी बँका, पतसंस्था, नामनिर्देशन

प्रस्तावना

बँक हा विश्वासाचा व्यवसाय आहे, असे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्गापासून शिकविले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बँक हा काळाचाही व्यवसाय आहे. ठेवीदार आज पैसा ठेवतो तो उद्या मागण्यासाठी आणि कर्जदार आज पैसा उचलतो तो उद्याच्या मिळकतीतून फेडण्यासाठी. या दोन ‘उद्यां’चा मेळ घालणे हेच बँकेचे खरे काम होय. साथीचा रोग या मेळावर घाला घालतो. पूर, भूकंप अथवा आग यांत मालमत्ता नष्ट होते. साथीत मात्र घर, यंत्र, शेत, दुकान सर्व जागच्या जागी असते आणि तरीही मिळकत थांबते. कारखान्याचे कुलूप शाबूत असते, पण आत कामगार नसतो. तारण सुरक्षित आणि हप्ता थकीत अशी विचित्र स्थिती त्यातून निर्माण होते. कर्जाची सुरक्षितता तारणावर मोजण्याची जी सवय आपल्या बँकांना लागलेली आहे, ती नेमकी अशा वेळी निरुपयोगी ठरते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुंबई आणि तिच्या उत्तरेकडील वसई-विरार या पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. हा परिसर निवडण्यास कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील वसई तालुक्यात पश्चिमेला केळी, भाजीपाला व फुले पिकविणारी आणि मासेमारी करणारी गावे आहेत, मध्यभागी रेल्वेच्या आधाराने वाढलेले दाट शहर आहे, तर पूर्वेला महामार्गालगतचे कारखाने, वीटभट्ट्या आणि चांदीपसारखी निमग्रामीण गावे आहेत. मुंबईत नोकरीला जाणारा पगारदार, वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखानदार, अर्नाळ्याचा मच्छीमार आणि पूर्व भागातील आदिवासी मजूर हे चौघेही बँकेचे ग्राहक आहेत. परंतु साथीच्या काळात त्यांचा बँकेशी येणारा संबंध एकसारखा नसतो.

प्लेग आणि पेढी

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. (वसई तालुक्यातही मांडवी नावाचे गाव आहे; येथे मुंबई बंदरालगतची मांडवी अभिप्रेत आहे.) आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने हे ठिकाण महत्त्वाचे ठरते. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, घाऊक व्यापाऱ्यांच्या वखारी आणि त्यांना भांडवल पुरविणाऱ्या सराफांच्या पेढ्या. म्हणजे रोगाने पहिला प्रहार केला तो शहराच्या देशी पतव्यवस्थेच्या मर्मस्थानी. पुढील काही महिन्यांत आठ लाखांवर वस्ती असलेल्या या शहरातून जवळपास निम्मे लोक बाहेर पडले. त्यांत गिरणी कामगार होते तसेच गुजराती व मारवाडी व्यापारीही होते. हुंडीचा व्यवहार हा माणसांच्या ओळखीवर चालणारा व्यवहार. हुंडी लिहिणारा एका गावी आणि ती स्वीकारणारा दुसऱ्या गावी निघून गेला की कागद शिल्लक राहतो, पण त्यामागील पत उरत नाही.

रोख पैशाची मागणी कशी बदलते याचा एक बोलका दाखला गिरण्यांमध्ये सापडतो. तोपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत मजुरी महिन्याने, तीही उशिराने देण्याची रीत होती. कामगार शहर सोडून जाऊ लागल्यावर मालकांना ती मोडावी लागली. राहिलेले कामगार रोजच्या रोज मजुरी मागू लागले आणि गिरणी मालक रस्त्याच्या कोपऱ्यांवर चढाओढीने बोली लावून मजूर मिळवू लागले. महिन्याची उधारी रोजच्या रोखीत बदलली. कामगार मालकाला जी एक महिन्याची बिनव्याजी उधारी देत होता, ती त्याने काढून घेतली, असेही याचे वर्णन करता येईल. ज्याला उद्याची खात्री नाही तो उधारीवर श्रम विकत नाही. प्रत्येक साथीत रोखीची मागणी वाढते त्याचे मूळ कारण हेच आहे.

१८९७-९८ च्या हंगामात मुंबईच्या नाणेबाजारात पैशाची तीव्र टंचाई झाली आणि इलाखा बँकांचे दर बारा टक्क्यांच्या घरात गेले. मात्र या दरवाढीचे सारे श्रेय प्लेगला देणे चुकीचे होईल. सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्याने रुपयांचा पुरवठा आधीच आवळला गेला होता आणि १८९६-९७ चा दुष्काळ त्याच सुमारास देशभर पसरला होता. प्लेगमुळे मुंबईच्या जहाजांवर परदेशी बंदरांत निर्बंध आले, या विषयावर १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. परंतु नाणेटंचाई, दुष्काळ आणि रोग यांचा वाटा वेगळा काढून दाखविणे शक्य नाही. साथ एकटी येत नाही. आधीच्या दुखण्यावर ती येऊन बसते, हे पुढच्या प्रकरणांतही दिसून येते.

प्लेगने बँक व्यवसायाला दिलेली एक गोष्ट मात्र टिकाऊ ठरली. १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ स्थापन झाले आणि दाट वस्त्या पाडून नवे रस्ते व घरे बांधण्यासाठी त्याने कर्जरोखे काढले. रोगाच्या भीतीतून एक नवे गुंतवणूक साधन जन्माला आले.

१९१८ : मृत्यू अफाट, बँका शांत

जून १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीमार्गे आला. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत त्याने उग्र रूप धारण केले. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण भारतातील बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. भारताच्या ज्ञात इतिहासातील ही सर्वांत मोठी साथ होय. असे असताना त्या वर्षीच्या बँकिंग इतिहासात तिचा ठसा जवळजवळ दिसत नाही. १९१८ मध्ये नोटा घेऊन लोकांनी चांदीच्या रुपयांसाठी जी गर्दी केली ती साथ येण्यापूर्वीची, वसंतातील होती. तिचे कारण महायुद्धाच्या बातम्या आणि चांदीचा तुटवडा हे होते. अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून आपली चांदी विकायला काढली तेव्हा ती अडचण निभावली.

लाखो माणसे मेली आणि बँकांचे ताळेबंद हलले नाहीत, याचा अर्थ बँका भक्कम होत्या असा कोणी लावू नये. मरणारी माणसे बँकेची ग्राहकच नव्हती, हा त्याचा खरा अर्थ आहे. शेतमजूर, कुळे, गिरणीतील बदली कामगार यांची कर्जे सावकाराच्या वहीत होती आणि बचत असलीच तर ती चांदीच्या वाळ्यात अथवा मडक्यात होती. मृत्यूचा आर्थिक भार त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी उचलला, आणि तो कोणत्याही वार्षिक अहवालात आला नाही. २०२० च्या साथीशी १९१८ ची तुलना करणारे बहुतेक लेखन मृत्यूसंख्येत अडकते. बँकिंगच्या दृष्टीने निर्णायक फरक मृत्यूसंख्येचा नसून ग्राहकसंख्येचा आहे.

याला एक अपवाद करावा लागतो, तो सहकारी पतपेढ्यांचा. १९०४ च्या कायद्याने ग्रामीण पतपेढ्यांची रचना अमर्यादित जबाबदारीच्या तत्त्वावर केली होती. एका सभासदाचे कर्ज बुडाले तर ते इतरांनी भरून द्यावयाचे. १९१२ च्या सुधारित कायद्यानुसार सभासदाच्या मृत्यूनंतरही एक वर्षापर्यंत त्याच्या मिळकतीवर संस्थेच्या देण्यांची जबाबदारी राहत असे. साधारण वर्षात ही तरतूद शहाणपणाची वाटते. एकाच पंधरवड्यात गावातील अनेक घरांतील कर्ते गेले, तर मात्र जामीनदार आणि कर्जदार एकाच वेळी नाहीसे होतात. परस्परांची हमी ही हमी राहत नाही. आजच्या बचतगटांच्या संयुक्त जबाबदारीलाही हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो.

योगायोग असा की, वसईतील ख्रिस्ती समाजाची पतसंस्था, म्हणजे आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक, फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने याच १९१८ साली सुरू झाली. संस्था साथीच्या आधी काही महिने उभी राहिली, त्यामुळे ती साथीतून जन्मली असे म्हणता येत नाही. परंतु तिच्या बाल्यावस्थेतच तिच्यासमोर हे वर्ष आले आणि ती टिकली, ही नोंद स्थानिक इतिहासात व्हावयास हवी.

त्यानंतरच्या साथींचा बँकांवरील परिणाम अल्पकालीन होता. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला व परिसरात गाठीचा प्लेग आढळला, पाठोपाठ सुरतमधून लोकांनी पलायन केले आणि कापड व हिरे व्यवसाय काही आठवडे थंडावला. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा शाळा-चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली, बँका मात्र चालू होत्या. या दोन्ही अनुभवांतून बँकांनी फारसे काही शिकून ठेवले नाही. आपत्काळातील कामकाजाच्या योजना होत्या, पण त्या संगणक बंद पडण्यासाठी होत्या. माणसे घराबाहेर पडू शकणार नाहीत, ही शक्यता त्यांत क्वचितच गृहीत धरलेली होती.

कोविड : शाखा, लोकल आणि रोकड

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागू झाली. बँका अत्यावश्यक सेवेत असल्याने त्या बंद ठेवता येत नव्हत्या. त्यांचे तास कमी करण्यात आले, तरी शाखा उघडणे भाग होते. मुंबई महानगरात यातून उद्भवलेली अडचण देशाच्या इतर भागांत नव्हती. मुंबईतील बँक कर्मचाऱ्यांचा मोठा वर्ग विरार, नालासोपारा, वसई आणि मध्य रेल्वेच्या दूरच्या स्थानकांवर राहतो. उपनगरी गाड्या २२ मार्चनंतर थांबल्या. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मोजक्या फेऱ्या सुरू झाल्या, परंतु राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांना त्यांत प्रवेश मिळाला तो जुलैच्या आरंभी आणि सहकारी व खाजगी बँकांच्या कर्मचाऱ्यांना सप्टेंबरमध्ये, तोही दहा टक्क्यांपुरता. रोखपालाची सेवा अत्यावश्यक. त्याचा प्रवास मात्र तो कोणत्या बँकेत आहे त्यावर ठरणार! सार्वजनिक आणि सहकारी बँकांतील हा भेद संसर्गाच्या शास्त्रातून आलेला नव्हता, हे उघड आहे.

शाखेसमोरच्या रांगांचे चित्र सर्वांच्या स्मरणात असेल. केंद्र सरकारने जनधन योजनेतील महिला खातेदारांना एप्रिल ते जून २०२० या तीन महिन्यांसाठी दरमहा ५०० रुपये दिले. देशभरातील वीस कोटींहून अधिक खाती यात होती. गर्दी टाळण्यासाठी खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरविण्यात आले : ० व १ साठी ३ एप्रिल, २ व ३ साठी ४ एप्रिल, याप्रमाणे ९ एप्रिलपर्यंत. योजना सुटसुटीत होती. पण ज्या बाईला पासबुक वाचता येत नाही तिला शेवटचा अंक कोणी सांगावयाचा, आणि रिक्षा व एस.टी. बंद असताना चांदीपसारख्या गावातून विरारच्या शाखेपर्यंत तिने यावयाचे कसे, हे प्रश्न वेळापत्रकात सुटलेले नव्हते. पैसे काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल ही अफवा पसरली आणि रांगा आणखी वाढल्या. १९१८ मध्ये बँकेच्या बाहेर असलेली माणसे २०२० मध्ये बँकेत आलेली होती. ती किती दूरवरून आली होती, ते या रांगांनी दाखविले.

याच काळात अंकीय व्यवहारांचा गाजावाजा झाला. तो खोटा नाही. यूपीआय व्यवहारांची संख्या मार्च २०२० मधील सुमारे १२५ कोटींवरून एप्रिलमध्ये १०० कोटींपर्यंत खाली आली आणि ऑक्टोबरमध्ये २०७ कोटींवर पोहोचली. परंतु त्याच वर्षी चलनातील नोटांचे मूल्य मार्च २०२० अखेरच्या २४.२१ लाख कोटी रुपयांवरून मार्च २०२१ अखेर २८.२७ लाख कोटींवर गेले, म्हणजे जवळपास सतरा टक्क्यांनी वाढले. हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात नाहीत. भाजी, किराणा, वीजबिल यांचा नित्य व्यवहार दूरध्वनीवर गेला, तर घरातील कपाटात ठेवावयाची शिल्लक वाढली. रुग्णालय अनामत रोखीत मागेल, या भीतीने ठेवलेल्या नोटा खर्च होत नाहीत, त्या फक्त झोप देतात. प्लेगच्या वेळी रोज संध्याकाळी मजुरी मागणारा गिरणी कामगार आणि कपाटात पन्नास हजार रुपये ठेवणारा विरारचा पगारदार यांच्या मनोव्यापारात फारसे अंतर नाही.

हप्तेस्थगितीचे गणित

२७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ वरून ४.४० टक्के केला, रोख राखीव प्रमाण चारवरून तीन टक्क्यांवर आणले आणि १ मार्च ते ३१ मे या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. २२ मे रोजी रेपो दर चार टक्क्यांवर आला आणि हप्तेस्थगिती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. एप्रिल २०२० अखेरीस बँकांच्या जवळपास निम्म्या कर्जदारांनी आणि निम्म्या येणे कर्जरकमेवर ही सवलत घेतलेली होती.

स्थगिती म्हणजे माफी नव्हे, हे सर्वांना सांगण्यात आले. किती नव्हे, ते मात्र थोड्यांना कळले. समजा नालासोपाऱ्यातील एका कुटुंबाचे गृहकर्ज २० लाख रुपये शिल्लक आहे, व्याजदर नऊ टक्के आहे आणि वीस वर्षे, म्हणजे २४० हप्ते बाकी आहेत. मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. सहा महिने हप्ता भरला नाही तर त्या काळाचे चक्रवाढ व्याज ९१,७०४ रुपये होते आणि ते मुद्दलात मिळते. पुढे हप्त्याची रक्कम तीच ठेवावयाची असल्यास आता २४० नव्हे, २७५ हप्ते भरावे लागतात. सहा हप्ते टळले, पस्तीस वाढले. कर्ज नवे असेल तितका हा फटका मोठा, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग अधिक असतो. शेवटच्या दोन वर्षांत आलेल्या कर्जदाराला तो जाणवणारही नाही. म्हणजे ज्याची गरज अधिक, त्याला ही सवलत अधिक महाग पडली.

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गाजलेला वाद नेमका कशाबद्दल होता, तेही या उदाहरणावरून कळते. वाद व्याजाचा नव्हता, व्याजावरील व्याजाचा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरील चक्रवाढ व सरळ व्याजातील फरक स्वतः भरण्याची योजना आणली आणि २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने हा लाभ कर्जाच्या रकमेचे बंधन न ठेवता सर्वांना दिला. वरील कुटुंबाच्या बाबतीत सरळ व्याज ९०,००० रुपये होते. परत मिळालेली रक्कम सुमारे १,७०० रुपये. उरलेले नव्वद हजार त्याच्या मुद्दलात राहिले. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून आपले व्याज माफ झाले असे समजणारे कर्जदार शाखांत येत राहिले, यात नवल नाही.

बँकांच्या बाजूने पाहता या मुदतीत नव्वद दिवसांचा थकबाकीचा निकष गोठविण्यात आला, म्हणजे कर्ज अनुत्पादक ठरण्याचे घड्याळ थांबविले गेले. त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने अशा थकीत पण सवलतीखालील खात्यांवर दहा टक्के तरतूद करावयास सांगितली. घड्याळ थांबवूनही आत काय चालले आहे याची धास्ती नियामकाला होतीच. जानेवारी २०२१ च्या वित्तीय स्थैर्य अहवालात ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण सप्टेंबर २०२० मधील ७.५ टक्क्यांवरून सप्टेंबर २०२१ पर्यंत १३.५ टक्क्यांवर जाऊ शकेल असा अंदाज वर्तविला होता. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२१ मध्ये ते ६.९ टक्के झाले, मार्च २०२३ मध्ये ३.९ आणि मार्च २०२४ मध्ये २.८ टक्के.

अंदाज इतका का चुकला? लघुउद्योगांसाठी मे २०२० मध्ये जाहीर झालेली तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना हे एक कारण होय. येणे कर्जाच्या वीस टक्के नवे कर्ज, त्यावर सरकारची संपूर्ण हमी. ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मधील पुनर्रचनेच्या चौकटी हे दुसरे. बँकांनी जुनी बुडीत कर्जे निर्लेखित केली, तेही विसरता येत नाही. साथ येण्यापूर्वीच्या चार-पाच वर्षांत मोठ्या उद्योगांची बुडीत खाती उघड करून बँकांनी आपले आजारपण आधीच कबूल केले होते, त्याचाही लाभ झाला. तथापि आणखी एका घटकाची चर्चा क्वचितच होते, तो म्हणजे ठेवीदार. भारतीय स्टेट बँकेचा एक वर्षाच्या ठेवीवरील दर जानेवारी २०२० मध्ये ६.१० टक्के होता, तो मे २०२० अखेर ५.१० झाला आणि बचत खात्याचा दर २.७० टक्क्यांवर आला. त्या वर्षी महागाई सहा टक्क्यांच्या वर होती. व्याजावर घर चालविणाऱ्या निवृत्त माणसाने कर्जदाराच्या आणि बँकेच्या सुटकेचा खर्च उचलला. त्याच्यासाठी कोणी याचिका केली नाही.

सहकारी बँका, पतसंस्था आणि पिग्मी

व्यापारी बँकांची ही कथा सुखान्त म्हणता येईल. चौकटीबाहेरील संस्थांची कथा निराळी आहे. आपत्कालीन पतहमी योजना जाहीर झाली तेव्हा तिच्यात अनुसूचित व्यापारी बँका, वित्तीय संस्था आणि बिगर-बँक वित्त कंपन्यांना स्थान होते. नागरी सहकारी बँकांना नव्हते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील दोन शेजारी गाळे डोळ्यांपुढे आणावेत. दोघांचेही कामगार मे २०२० मध्ये वसई रोडवरून श्रमिक गाड्यांनी उत्तर प्रदेशास गेलेले, दोघांचीही यंत्रे बंद. एकाचे खाते राष्ट्रीयीकृत बँकेत म्हणून त्याला सरकारी हमीवर वीस टक्के जादा कर्ज. दुसऱ्याचे खाते वर्षानुवर्षे सहकारी बँकेत म्हणून त्याला केवळ हप्तेस्थगिती. रोगाने भेद केला नव्हता, योजनेने केला.

साथ आधीच्या दुखण्यावर बसते हे वर म्हटले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले होते, ते तिच्या कर्जवाटपातील गैरव्यवहारामुळे. टाळेबंदीत तिचे ठेवीदार स्वतःच्याच पैशाला मुकलेले होते. काढता येणारी रक्कम जून २०२० मध्ये एक लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले. सी.के.पी. सहकारी बँकेचा परवाना एप्रिल २०२० च्या अखेरीस, म्हणजे ऐन टाळेबंदीत रद्द झाला. तिचे संकटही जुने होते. सुदैवाने ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर नेलेले होते, त्यामुळे तिच्या ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळण्याची सोय झाली. हा निर्णय तीन महिने लांबला असता तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

पतसंस्थांना हे कवच नाही. त्या राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, आणि त्यांच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण लागू होत नाही. या संस्थांचा कणा म्हणजे पिग्मी ठेव. प्रतिनिधी रोज सायंकाळी बाजारातून फिरतो, भाजीवाली, सलूनवाला, वडापावची गाडी यांच्याकडून पन्नास-शंभर रुपये घेतो आणि पावती देतो. ही संपूर्ण यंत्रणा माणसाने माणसाच्या दारात जाण्यावर उभी आहे. टाळेबंदीत ती पहिल्याच दिवशी थांबली. त्याच आठवड्यात त्याच खातेदारांना साठविलेले पैसे परत हवे झाले. आवक बंद आणि मागणी दुप्पट, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील रोखतेच्या संकटाचे वर्णन आहे. फक्त ते बाजारगल्लीतील एका खोलीत घडत होते. पिग्मी प्रतिनिधीला पगार नसतो, दलाली असते. संकलन नाही म्हणजे त्याची मिळकत शून्य. अत्यावश्यक सेवकांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नव्हते.

अशा वेळी लोक सोन्याकडे वळले. लग्नसराई, देवळे व फूलबाजार बंद झाल्याने वसईच्या फुलबागायतदारांचा मोगरा झाडावरच राहिला, तेव्हा दागिना हेच हाताशी असलेले भांडवल होते. ऑगस्ट २०२० मध्ये सोन्याचे भाव विक्रमी उंचीवर होते. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने शेतीबाह्य सोनेतारण कर्जाची मर्यादा तारणमूल्याच्या ७५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत, ३१ मार्च २०२१ पर्यंतच्या काळासाठी वाढविली. तातडीची गरज भागली. परंतु भाव शिखरावर असताना नव्वद टक्के उचल देणे म्हणजे पुढील घसरणीचा धोका कर्जदाराच्या गळ्यातील दागिन्यावर टाकणे होय. २०२१ च्या आरंभी भाव उतरले, तेव्हा अनेक कुटुंबांना तारणातील तूट भरणे किंवा दागिना सोडून देणे यांतून निवड करावी लागली.

मृताचे खाते

दुसऱ्या लाटेने, म्हणजे एप्रिल-मे २०२१ ने, बँकांपुढे वेगळा प्रश्न उभा केला. सार्वजनिक बँकांनी उपचारासाठी पंचवीस हजार ते पाच लाख रुपयांपर्यंतची व्यक्तिगत कर्जे देऊ केली. पण शाखेच्या खिडकीवर अधिक संख्येने येऊ लागले ते मृतांचे वारस. घरातील व्यवहार एकट्याने पाहणारा माणूस आठ-दहा दिवसांत गेलेला, त्याचा दूरध्वनी कुलूपबंद, एटीएमचा संकेतांक कोणाला ठाऊक नाही आणि खात्यावर नामनिर्देशन नाही. नामनिर्देशन असल्यास पूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा २००५ पासूनचा दंडक होता. नसल्यास मात्र वारसांची प्रतिज्ञापत्रे, क्षतिपूर्ती बंधपत्र, जामीनदार आणि मोठ्या रकमेसाठी वारसा दाखला. न्यायालये मर्यादित क्षमतेने चालू असताना हा दाखला मिळविणे किती कठीण होते, ते सांगावयास नको.

येथे एक गैरसमज नोंदविणे आवश्यक आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही ठेवीची मालक होत नाही. ती बँकेकडून रक्कम स्वीकारण्यास पात्र ठरते आणि कायदेशीर वारसांच्या वतीने ती धारण करते. सर्वोच्च न्यायालयाने राम चंदर तलवार प्रकरणात २०१० मध्ये हे बँक ठेवींच्या संदर्भात स्पष्ट केले आहे. भावाचे नाव लग्नापूर्वी लावलेले आणि नंतर बदललेच नाही, अशा खात्यांत विधवेला आपलेच पैसे दिराकडून मागावे लागले.

जनधन व बचत खात्यांशी जोडलेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत तेव्हा वर्षाला ३३० रुपये कापले जात आणि दोन लाख रुपयांचे संरक्षण मिळे. मे महिन्याच्या अखेरीस हा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो. ज्याच्या खात्यात त्या दिवशी ३३० रुपये शिल्लक नसत त्याचा विमा संपत असे. टाळेबंदीत पाचशे रुपये आल्या दिवशीच काढून नेणाऱ्या खातेदारांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे शाखेतील कोणताही लिपिक सांगू शकेल. उलट बाजूस, विमा चालू असूनही पासबुकातील त्या एका ओळीचा अर्थ कुटुंबाला न कळल्याने दावाच दाखल झाला नाही, असेही घडले.

मालकाविना पडून राहिलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम २०२५ मधील नामनिर्देशनविषयक तरतुदी १ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या असून, आता एका ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नावे लावता येतात. ती एकाच वेळी, प्रत्येकाचा हिस्सा ठरवून लावता येतात किंवा एकामागून एक अशा क्रमाने. सुरक्षित कप्प्यासाठी फक्त क्रमाची पद्धत आहे. पती-पत्नी दोघेही एकाच आठवड्यात गेलेल्या घरांचा विचार करता क्रमाने लावलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या नावाचे मोल लक्षात येईल. वसई-विरारमधील पतसंस्थांच्या ठेवींना मात्र ही सुधारणा लागू नाही. तेथील वारसनोंद सहकार कायद्याप्रमाणे आणि संस्थेच्या उपविधीनुसार होते, आणि पिग्मीच्या पावतीपुस्तकात वारसाच्या नावासाठी बहुधा रकानाच नसतो.